काटा, खिळा आणि कोंडलेली हवा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या सायकलचं मागचं चाक तीन आठवड्यांत चार वेळा पंक्चर झालं. चौथ्या वेळी दुकानातल्या काकांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं आणि टायरच्या आतून बोट फिरवत एक सराटा बाहेर काढला. हरभऱ्याएवढा, वाळलेला. कसाही पडला तरी एक काटा वरच राहील अशी त्याची घडण.

"टायरच बदला आता," काका म्हणाले. "दिसायला भारी आहे, पण आपल्या रस्त्याचं नाही हे."

मग त्यांनी तीन टायरं काढून पुढ्यात ठेवली. एक बारीक, गुळगुळीत, रेसरचं. दुसरं जड, आतून जाड पट्टा असलेलं. तिसरं रुंद, बोटांनी दाबलं तर मऊ लागणारं. "हे पळतं. हे फुटत नाही. आणि ह्याच्यावर ढुंगण दुखत नाही. तिन्ही एकात पाहिजे असेल तर ते अजून निघायचंय."

मी त्या दिवशी नुसतं पंक्चर काढून घरी आले आणि वाचत बसले. वाचता वाचता लक्षात आलं, की काकांचं वाक्य निम्मं बरोबर आहे. पळणारं वेगळं आणि न दुखवणारं वेगळं, हे मात्र खरं नाही. गंमत म्हणजे हे खरं नाही हे माणसाला १८८९ सालीच कळलं होतं. मग तो ते विसरला, आणि परत आठवायला त्याला शंभरहून जास्त वर्षं लागली.

०

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पायडलच्या सायकली रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांची चाकं लाकडी होती आणि त्यांच्यावर लोखंडी धाव चढवलेली असायची. आपल्या बैलगाडीला असते तशीच. दगडी रस्त्यावर ती चालवणं म्हणजे काय असेल, हे इंग्रजांनी तिला दिलेल्या नावावरून कळतं: हाडं खिळखिळी करणारी. पुढे लोखंडाच्या जागी भरीव रबराची पट्टी आली आणि पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत गेलं. तेव्हा साखळी नव्हती. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेलं, त्यामुळे चाक जेवढं मोठं तेवढं एका फेऱ्यात जास्त अंतर. शिवाय मोठं चाक लहान खड्ड्यात शिरतच नाही, वरून निघून जातं. तोटा एवढाच, की अडखळलं तर माणूस सहा फुटांवरून डोक्यावर आपटायचा.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने 'रोव्हर' सायकल काढली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मध्ये साखळी, पाय जमिनीला टेकतील एवढी उंची. आज तुमच्या-माझ्याकडे आहे ती सायकल थोडीफार तीच. पडण्याची भीती गेली, पण चाकं लहान झाल्यामुळे प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक दगड थेट मणक्यात जायला लागला. लोकांनी चौकटीत स्प्रिंगा बसवून पाहिल्या. नवी सायकल सुरक्षित होती, पण चालवणाऱ्याला सोलून काढत होती.

याच सुमारास आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा एक जनावरांचा डॉक्टर राहत होता. मूळचा स्कॉटलंडचा, दाढीवाला, चांगली प्रॅक्टिस असलेला. सायकलशी त्याचा संबंध एवढाच, की त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या पोराकडे तीनचाकी होती आणि ती बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर भयंकर हादरे द्यायची. १८८७ च्या अखेरीस डनलॉपने पातळ रबराच्या पत्र्याची नळी केली, लाकडी चकतीभोवती ती कापडाने गुंडाळून बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग त्याने घरच्या अंगणात एक प्रयोग केला. तीनचाकीचं भरीव रबराचं चाक ढकलून सोडलं, ते थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक सोडलं, ते अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आपटलं आणि परत फिरलं.

इथे जरा थांबायला हवं. डनलॉप हादरे कमी करायला निघाला होता, म्हणजे आराम शोधत होता. अंगणात त्याच्या हाती लागला तो वेग. फाटकापर्यंत गेलेल्या त्या चाकाचा अर्थ असा: भरीव चाकाखाली खडा आला की सगळं चाक उचललं जातं. त्यावर सायकल आणि माणूस असेल तर तेही. हे उचलण्याचं काम फुकट होत नाही, पुढे जाण्यातलीच ताकद त्यात खर्च होते. हवेचं टायर खड्याला पोटात घेतं आणि पुढे जातं. वर बसलेल्या माणसाला ज्या हादऱ्याचा त्रास होत नाही, त्या हादऱ्यावर त्याची ताकदही वाया जात नाही.

जुलै १८८८ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत विली ह्यूम नावाचा सायकलपटू ही फुगलेली टायरं लावून उतरला, तेव्हा प्रेक्षक हसले. सगळ्यांच्या चाकांवर बोटाएवढी रबरी पट्टी, ह्याच्या चाकांवर गुबगुबीत नळे. मग शर्यत झाली आणि हसणं थांबलं. हरणाऱ्यांमध्ये डब्लिनच्या हार्वी ड्यू क्रॉस या व्यापाऱ्याची मुलं होती. बापाने पोरांचं सांत्वन करण्यात वेळ न घालवता त्याच वर्षी ती टायरं विकणारी कंपनी काढली. १८९६ मध्ये ही कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. डनलॉप तोपर्यंत तिच्यातून बाहेर पडला होता, आणि ज्या टायरला त्याचं नाव लागलं त्यातून त्याला त्या मानाने फारच थोडं मिळालं.

त्याचं पेटंटही टिकलं नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १० डिसेंबर १८४५ रोजी, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना, हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. थॉमसन तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याने आपली 'हवाई चाकं' घोडागाड्यांना लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये फिरवूनही दाखवली होती. आत रबराने मढवलेल्या कॅनव्हासची नळी आणि बाहेर चामड्याचं आवरण. गाडी ओढायला हलकी जाते हेही त्याने दाखवलं होतं. पण चाकं महाग होती आणि सायकल अजून जन्मायची होती. घोडागाडीत हलकं जाण्याचा फायदा होणार तो घोड्याला, आणि टायर कुठलं घ्यायचं हे घोड्याला कोणी विचारत नाही. सायकलवर ओढणारा आणि पैसे देणारा एकच असतो. त्यामुळे तेच टायर ४३ वर्षांनी हातोहात खपलं.

०

पण हवा कोंडायची म्हटली की ती निसटणार. पंक्चर ही गोष्ट जगात आली ती या टायरबरोबर. लोखंडी धावेला खिळ्याची काय तमा!

डनलॉपची सुरुवातीची टायरं चाकाला डिंकाने चिकटवलेली आणि कापडाने गुंडाळलेली असत. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्मों-फेराँ इथे मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात असं एक पंक्चर झालेलं टायर घेऊन एक सायकलस्वार आला. ते सोडवून दुरुस्त करायला तीन तासांच्या वर लागले, मग रात्रभर सुकायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशलँ स्वतः ती सायकल चालवून बघायला निघाला आणि काहीशे मीटरवर दुरुस्ती उसवली. त्याने यातून दोन गोष्टी ओळखल्या. एक, हवेवर बसण्याचं सुख एकदा घेतल्यावर कोणी मागे जाणार नाही. दोन, हे टायर सायकलवाल्याला स्वतः, रस्त्याच्या कडेला, काही मिनिटांत काढता-घालता आलं पाहिजे.

मिशलँने 'न फुटणारं टायर' करायच्या नादाला न लागता फुटण्याचा खर्च कमी केला, यात खरी हुशारी होती. १८९१ मध्ये सुटं होणारं टायर तयार झालं आणि त्याच सप्टेंबरमध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिस अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ हा सायकलपटू ती मिशलँच्या टायरांवर सुमारे ७१ तासांत जिंकला. पुढच्या वर्षी कंपनीने पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी स्वतःची शर्यत भरवली आणि रस्त्यावर चक्क स्वतःच खिळे टाकून ठेवले! पंक्चर होऊ देत, बघा किती पटकन निघतं ते, असा हिशेब. आज एखाद्या कंपनीने असं केलं तर तासाभरात तिच्या नावाने शंभर मीम्स निघतील. तेव्हा मात्र ही जाहिरात लोकांना पटली.

याच कंपनीचा टायरांचा गोलगोल माणूस १८९८ च्या पोस्टरवर पहिल्यांदा आला. मेजवानीच्या टेबलाशी उभा, हातात उंचावलेला प्याला, आणि प्याल्यात खिळे व काचांचे तुकडे. आमचं टायर अडथळा पिऊन टाकतं, असं खाली म्हटलं होतं. डनलॉपच्या अंगणातलं सगळं पदार्थविज्ञान त्या एका चित्रात आहे.

हवा आत कोंडायला झडप लागते. १८९० च्या दशकातली वुड्स झडप आपल्याकडच्या साध्या सायकलींवर अजून असते. पितळी दांडी, तिच्या बाजूला बारीक भोक, आणि त्यावर चढवलेली रबराची छोटी नळी. पंपाने हवा ढकलली की नळी फुगून वाट देते, थांबलं की भोकाला चिकटून बसते. हीच ती वॉलट्यूब, जी शाळेत कोणाशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी गायब व्हायची.

०

हवा फुकट मिळते. तिला कोंडणारं रबर फुकट नव्हतं, आणि या गोष्टीचा हा भाग सायकलच्या कौतुकात बहुतेक वेळा गाळला जातो.

डनलॉपच्या पेटंटनंतर दोन-तीन वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं आणि रबराची मागणी एकदम वर गेली. रबराच्या झाडांची लागवड करायची तर चीक निघायला पाच-सात वर्षं थांबावं लागतं. तेवढा धीर बाजाराला नव्हता. जंगलातलं रबर होतं ब्राझीलमध्ये आणि आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात. काँगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होती. देशाची वसाहतसुद्धा नाही, राजाची स्वतःची जहागीर, १८८५ पासून. हस्तिदंतावर खर्च भागत नव्हता आणि कर्ज वाढत चाललं होतं. सायकलच्या टायरने त्याला तारलं.

काँगोतलं रबर वेलींमधून मिळायचं. गावागावाला वजन ठरवून दिलेलं असे: इतके दिवसांत इतकं रबर आणा. पुरुष जंगलात जाईपर्यंत बायका-मुलांना ओलीस ठेवत. वजन कमी भरलं तर चाबूक आणि त्याहूनही वाईट. राजाच्या फौजेतल्या शिपायांना प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे. गोळी माणसावरच खर्च झाली याचा पुरावा म्हणून कापलेला हात आणायचा. काही हात जिवंत माणसांचे होते. १९०४ मध्ये ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने काढलेला एक फोटो आहे. न्साला नावाचा माणूस ओट्यावर बसून समोर बघतो आहे. समोर त्याच्या लहान मुलीचा हात आणि पाऊल ठेवलेलं आहे. मोबाइलवर तो फोटो शोधायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मी पाहिला, आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

हे उघडकीला आणणाऱ्यांपैकी एडमंड मोरेल हा जहाज कंपनीतला कारकून होता. अँटवर्पच्या बंदरात त्याच्या लक्षात आलं, की काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरून येतात आणि परत जाताना त्यांच्यात मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा असतो. विकत घेतलेल्या मालाच्या बदल्यात काहीतरी माल जायला हवा. तो जातच नव्हता. दुसरा होता रॉजर केसमेंट. हा ब्रिटिश वकील काँगोच्या आतल्या भागात फिरून लोकांच्या जबान्या घेऊन आला आणि त्याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. केसमेंट आयरिश होता आणि बेलफास्टच्या शेजारच्या अँट्रिम भागात वाढला होता. पहिलं टायर ज्या मुलखात वळलं गेलं, तिथल्याच माणसाने त्याची किंमत मोजून जगासमोर मांडली. (पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी जर्मनीची मदत मागितल्याबद्दल त्याच ब्रिटिश सरकारने १९१६ मध्ये त्याला फाशी दिलं.) १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो बेल्जियम सरकारच्या हवाली करावा लागला. तोवर किती माणसं मेली याचे अंदाज काही लाखांपासून एक कोटीपर्यंत जातात. त्यावर इतिहासकार अजून भांडतात.

जंगली रबराची सद्दी संपवली ती मळ्यांनी. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या होत्या. त्यातली तीनेक हजार रोपं जगली आणि त्यांचा वंश श्रीलंका, मलाया, मग केरळ असा पसरला. केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी गेल्या काही दशकांत हीच झाडं कोकणात दोडामार्ग-सावंतवाडीपर्यंत आणली. गोव्याच्या वाटेवर आंबा-काजूच्या मधे सरळ रांगेत उभी झाडं आणि प्रत्येकाला बांधलेली करवंटीएवढी वाटी दिसली, तर तो टायरचा कच्चा माल आहे.

०

आता परत वेगाकडे. बेलफास्टच्या मैदानावर रुंद, गुबगुबीत टायरने शर्यत जिंकल्यावर शर्यतीची टायरं रुंदच राहायला हवी होती. झालं उलटं. रस्ते सुधारत गेले तशी ती बारीक आणि टणक होत गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीचं टायर २० ते २३ मिलिमीटर रुंद आणि आत १०० पौंडांच्या वर हवा अशी स्थिती होती. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड असते, यावरून कल्पना करा. यामागे प्रयोगशाळा होती. टायर गुळगुळीत लोखंडी पिंपावर फिरवून किती ताकद खर्च होते ते मोजायचे. पिंपावर जितकी जास्त हवा तितका कमी खर्च. आकडा खोटा नव्हता. रस्ता मात्र पिंपासारखा नसतो, आणि पिंपावर माणूस बसलेला नसतो. चालवणाऱ्यांनाही टणक टायर वेगवान वाटायचं, कारण हाताला सतत बारीक थरथर जाणवते आणि थरथर म्हणजे वेग असं आपलं डोकं समजतं. एसटीचा खिडक्या वाजणारा जुना डबा आठवा. चाळीसनेच जायचा, पण काय पळतोय असं वाटायचं.

शर्यतवाले चाकाला चिकटवायची, ट्यूबभोवती शिवून टाकलेली टायरं वापरत. 'टूर द फ्रान्स'च्या जुन्या फोटोंत खांद्यावरून आडवी टायरं घातलेले सायकलपटू दिसतात ती हीच. पंक्चर झालं तर आपलं आपण बदलायचं, असा सुरुवातीच्या काळातला नियमच होता. या टायरांची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९५१ च्या स्पर्धेत विम व्हान एस्ट हा डच सायकलपटू पिवळी जर्सी अंगावर असताना ओबिस्क घाटातून उतरताना दरीत पडला. वर काढायला दोर पुरेना, म्हणून संघाच्या गाडीतली चाळीसेक टायरं एकमेकांना बांधून खाली सोडली. तो सुखरूप वर आला. टायरं मात्र ताणून सैल झाली, चाकांवर बसेनात, आणि अख्ख्या संघाने स्पर्धा सोडली.

बारीक टायरवर सगळ्यांचाच विश्वास होता असं नाही. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याची भटकंती करणारे सायकलस्वार कित्येक दशकं रुंद, मऊ टायरांच्या बाजूने बोलत होते. पण शर्यत जिंकणारा जे वापरतो ते बाजारात खपतं, आणि शर्यत जिंकणारा त्याला जे मिळतं ते वापरतो. हे वर्तुळ फोडायला बाहेरचं कोणीतरी लागलं. २००६ च्या सुमारास अमेरिकेत सिएटलच्या यान हाइने या सायकल-नियतकालिकाच्या संपादकाने सहकाऱ्यांबरोबर पिंप बाजूला ठेवून खऱ्या रस्त्यावर, खरा माणूस बसवून मोजमापं सुरू केली. खडबडीत पृष्ठभागावर टणक टायर घेऊन गेलं की माणसाचं सगळं अंग हलतं, मांस आणि स्नायू एकमेकांवर घासतात आणि ताकद उष्णता होऊन जाते. रुंद टायर कमी हवेवर हळू पडत नव्हतं. खराब रस्त्यावर ते सरळ सरळ पुढे होतं.

लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मग हळूहळू शर्यतवाल्यांनी स्वतः मोजलं. २३ चे २५ झाले, २५ चे २८. आज टूरमध्ये २८ ते ३० मिलिमीटरचं टायर सर्रास दिसतं आणि दगडी रस्त्यांच्या पॅरिस-रूबे शर्यतीत त्याहूनही रुंद. विली ह्यूमला हसू आलं असतं.

आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलच्या टायरवर २८ × १½ असं छापलेलं असतं. दीड इंच रुंदी, म्हणजे ३८-४० मिलिमीटर. दूधवाला, पोस्टमन, पुण्याच्या गिरणी-कारखान्यांतले कामगार, सगळे त्यावर फिरले. ते जुनाट म्हणून टाकून आपण बारीक चाकांची 'रेसर' घेतली आणि मणके दुखवून घेतले.

०

मग तिन्ही गोष्टी एकात का मिळत नाहीत? कारण वेग आणि आराम जरी एका बाजूचे असले, तरी काटा दुसऱ्या बाजूचा आहे.

टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटल्यावर पूर्ववत होतो. या दबण्या-सुटण्यात रबर आणि आतलं कापड गरम होतं, तीच टायरची मुख्य गळती. पातळ, लवचीक कापडाचं टायर सहज दबतं, कमी ताकद खातं आणि मऊही लागतं. काटा अडवायला मात्र जाडी लागते. रबराचा पाच मिलिमीटरचा थर घातला की सराटा ट्यूबपर्यंत पोचत नाही, पण तो थर प्रत्येक फेऱ्याला दाबायची मजुरी तुमचे पाय देतात. शिवाय असं टायर रुंद असलं तरी लाकडासारखं लागतं.

यावर उतारा म्हणून बारीक पण चिवट धाग्याचा पट्टा आला. हा धागा म्हणजे केवलार, आणि त्याचाही जन्म टायरसाठीच. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक ही रसायनशास्त्रज्ञ मोटारींच्या टायरसाठी हलका आणि मजबूत धागा शोधत होती. १९६५ मध्ये तिला जे सापडलं ते पुढे बंदुकीच्या गोळ्या अडवणाऱ्या जाकिटांमुळे प्रसिद्ध झालं. सायकलच्या टायरमध्ये हा पट्टा काच आणि दगडाची धार चांगली अडवतो. सुईसारखा बारीक काटा मात्र विणीतून वाट काढू शकतो. गोळी अडवणाऱ्या धाग्याला सराटा दाद देत नाही! अमेरिकेच्या पश्चिम भागातले सायकलवाले याच सराट्याला 'बोकडाचं डोकं' म्हणून शिव्या घालतात. तो तिथला नाही, आपल्या बाजूच्या जगातून तिकडे पोचलेला आहे.

तिसरा उपाय म्हणजे ट्यूबच काढून टाकायची आणि टायरमध्ये पातळ चीक ओतून ठेवायचा. काटा घुसला की हवेबरोबर चीक बाहेर येतो आणि भोकात गोठतो. यातला पुष्कळसा चीक अजून रबराच्या झाडाचाच असतो. झाड त्याने आपली जखम बुजवतं, दीडशे वर्षं टायर करून झाल्यावर माणसानेही तेच केलं.

तर मी काय घ्यावं? इतकं वाचल्यावर प्रश्न जरा बदलला होता. कुठलं टायर चांगलं, यापेक्षा पंक्चर झालं तर माझं काय जातं, हा प्रश्न जास्त कामाचा निघाला. माझं जातं ते अर्धा तास आणि थोडे पैसे. उशीर झाला तर ऑफिसात सांगता येतं. काकांच्या दुकानात माझ्या पुढे रांगेत एक मुलगा होता, पाठीवर जेवणाच्या डिलिव्हरीची चौकोनी पिशवी, सायकल साधी. त्याचं पंक्चर निघेपर्यंत त्याच्या फोनवरची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. त्याने जड, जाड पट्ट्याचं टायर घेतलं आणि त्याला ते बरोबर होतं. दिवसभर पाय थोडे जास्त दुखतील, ते त्याच्या हिशेबात स्वस्त होतं. मिशलँने रस्त्यावर खिळे टाकले तेव्हा पंक्चर पंधरा मिनिटांचं झालं हे खरं, पण पंधरा मिनिटं सगळ्यांची सारख्या भावाची नसतात.

मी आठवड्याने परत गेले. चौकटीत आणि ब्रेकमध्ये जागा किती आहे ते काकांनी बोट घालून बघितलं. ३८ चं टायर जेमतेम बसत होतं. पुढे ३८ चं मऊ, पातळ घेतलं, कारण हाताला हादरे पुढच्या चाकातून येतात. मागे ३५ चं पट्ट्याचं, कारण वजन मागे पडतं आणि पंक्चरही बहुतेक मागेच होतं.

"दोन चाकांना दोन टायरं?" काका म्हणाले.

"चालतं ना?"

"चालतं की. फक्त हवा कमी नका ठेवू फार. खड्ड्यात आपटलं की रिमखाली ट्यूब चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ते पंक्चर काट्याचं नाही, आळसाचं." त्यांनी पुढे ४५ आणि मागे ५५ पौंड भरले, अंगठ्याने दोन्ही दाबून बघितले, आणि जुन्या टायरमधून काढलेला तो सराटा अजून काउंटरवर पडला होता, तो उचलून रस्त्याकडे न फेकता कचऱ्याच्या डब्यात टाकला.